टेरिअर घरात सांभाळायचं कसं: पिल्लू आणायच्या आधीपासून सगळं, आपल्या मराठवाड्यातल्या घरासाठी

आमची भिंगरी म्हणजे जॅक रसेल टेरिअर, वजन साडेपाच किलो, लातूरला आमच्या घरी आली तेव्हा दोन महिन्यांची होती. चौथ्या महिन्यात तिनं अंगणातल्या जास्वंदीच्या बुडाशी एवढं खोल उकरलं की नुसती शेपटी वर दिसायची. मी रागावले, खड्डा बुजवला, दुसऱ्या दिवशी तिनं परत तिथंच उकरलं, आठ दिवस आमचं हेच चाललेलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजेवर बसून बघत होत्या, त्या म्हणल्या, "आगं तिला काय तरी लागलंय तिथं, उगंच करंना ती." मग ह्यांनी खोरं घेऊन खणून बघितलं तर खाली घुशीचं मोठं बीळ, पार कंपाउंडच्या भिंतीखालून गेलेलं.

त्या दिवशी मला टेरिअर कळलं. कुत्रं बिघडलेलं नव्हतं, ते त्याचं काम करत होतं आणि मी रोज त्याला कामावरून उठवत होते.

हा लेख त्याच्यासाठीच लिहितेय, कारण आजकाल रील बघून लई जण जॅक रसेल किंवा फॉक्स टेरिअर आणायलेत, छोटं आहे, फ्लॅटमध्ये बसतंय म्हणून, आणि वर्षाच्या आत कुणाला तरी देऊन टाकायलेत. ह्यात त्या जनावराचे लई हाल होतात. म्हणून सगळं क्रमानं सांगते, लांबलंय, पण आणायच्या आधी पूर्ण वाचा.

पायरी १: हे कुत्रं कशासाठी बनवलंय ते समजून घ्या

टेरिअर हा शब्दच लॅटिन 'टेरा' म्हणजे जमीन ह्याच्यावरून आलाय. जमिनीत घुसून कोल्हा, बिज्जू, उंदीर असलं काय काय बाहेर काढायला इंग्रजांनी ही कुत्री तयार केली. जॅक रसेलचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते जॉन रसेल नावाचे पाद्री होते, १८१९ साली ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडून 'ट्रम्प' नावाची पांढरी कुत्री घेतली, तिथून ही ओळ सुरू झाली असं सांगतात. खांद्यापाशी उंची २५ ते ३० सेंमी आणि वजन ५ ते ६ किलो, कारण लई मोठं कुत्रं कोल्ह्याच्या बिळात जाणारच नाही.

आता विचार करा, बिळात आत गेल्यावर मालकाचा आवाज ऐकू येत नाही, अंधार आहे, समोर दात काढून बसलेलं जनावर आहे, तिथं पुढं जायचं का थांबायचं, भुंकायचं का धरायचं हे कुत्र्यालाच ठरवायचंय. दोनशे वर्षं अशीच कुत्री निवडली, जी स्वतः ठरवतात, घाबरत नाहीत आणि सोडत नाहीत. लॅब्रेडॉर तुमच्या तोंडाकडं बघून विचारतंय काय करू, टेरिअर आधी करतंय आणि मग तुमच्याकडं बघतंय. हट्टी, आगाऊ म्हणतात त्याला, पण तो गुण मुद्दाम घातलेला आहे, तो मारून जात नाही, त्याला काम दिलं की वळतो.

एक गैरसमज इथंच काढून टाकते. टेरिअर म्हणलं की लोक विचारतात, म्हणजे ते चावणारं पिटबुल का? पिटबुल टेरिअर वेगळं. मार्च २०२४ ला केंद्र सरकारनं २३ जातींवर बंदीचं पत्र काढलं होतं त्यात ते होतं (ते पत्र नंतर कर्नाटक हायकोर्टानं रद्द केलं), जॅक रसेल किंवा फॉक्स टेरिअरचं तसं काही नाही. आणि तिबेटन टेरिअर नावाचं केसाळ कुत्रं मिळतंय ते नावाचंच टेरिअर, त्याला हे बिळाचं वेड नसतंय.

राखणीला कुत्रं पाहिजे असेल, शेतावर ठेवायचं असेल, तर सरळ आपलं गावठी किंवा कारवानी घ्या, आपल्या उन्हाला ते बनलेलंच आहे. टेरिअर भुंकून सांगेल की कुणीतरी आलंय, पण साखळीला बांधून एकटं ठेवलं तर ते वेड्यासारखं गोल गोल फिरायला लागतं, स्वतःची शेपटी चावतं. ते माणसांत राहणारं आहे.

पायरी २: घरातल्यांशी बोलणं

घरात सगळ्यांनी बसून तीन गोष्टी ठरवा. सकाळी साडेपाचला कोण उठणार? दुपारी घरी कोण असतंय? आणि पुढची १३ ते १६ वर्षं, हो, एवढं जगतंय हे कुत्रं, कोण सांभाळणार? आज लेकरू सातवीत आहे म्हणून त्याच्या हट्टासाठी आणाल, पाच वर्षांनी ते नीटच्या अभ्यासात आणि सात वर्षांनी पुण्याला. मग कुत्रं तुमचंच. तुम्हाला स्वतःला पाहिजे असेल तरच आणा.

घरात तीन-चार वर्षांचं लेकरू असेल तर मी थोडं थांबा म्हणेन. लहान लेकरू पळतं, किंचाळतं, शेपटी ओढतं, आणि टेरिअर पळणाऱ्या गोष्टीच्या मागं लागतं, सहन करत बसत नाही. लेकरू सहा-सात वर्षांचं झालं, सांगितलेलं कळायला लागलं की जोडी लई छान जमते.

पायरी ३: पिल्लू निवडणं

नियमानं ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तरी आपल्याकडं ३०-३५ दिवसांची पिल्लं सर्रास देतात, "आत्ताच घ्या म्हणजे सवय होते" म्हणून. घेऊ नका. भावंडांसोबत खेळताना जोरात चावलं की दुसरं ओरडून खेळ सोडतंय, त्यातून पिल्लाला कळतं की दात किती लावायचा. लवकर तोडलेल्या टेरिअरला ते कळतच नाही आणि मग तो धडा तुमच्या हातापायांवर होतो.

आई बघायला मागा. आई दाखवत नसतील तर तिथून उठा. आई लाजरी, चिडकी असेल तर पिल्लं बहुतेक तशीच निघतात. पिल्लाच्या पाठीमागं जाऊन टाळी वाजवा, कान हलतात का बघा, पांढऱ्या डोक्याच्या जॅक रसेलमध्ये काही पिल्लं जन्मतः बहिरी असतात. चालताना मागचा पाय मधेच उचलून लंगडी घालतंय का तेही बघा, लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकायचा त्रास असतोय. शेपटी कापून देऊ का असं विचारलं तर नाही म्हणा, कुत्रं शेपटीनं बोलतं.

पायरी ४: घर आणि अंगण तयार करणं

हे पिल्लू यायच्या आधी करायचं. गेटच्या खालची फट चार बोटांची असली तरी जॅक रसेलचं पिल्लू जातं, तिथं जाळी किंवा फळी लावा. मातीचं अंगण असेल तर कंपाउंडच्या कडेनं फूटभर जाळी जमिनीत आडवी पुरा, आतल्या बाजूनं, म्हणजे भिंतीला लागून उकरलं की जाळीच लागते. गच्चीचा कठडा बघा, कठड्याला लागून कुंडी, माठ, खुर्ची काही ठेवू नका, ही कुत्री उभ्या उभ्या स्वतःच्या उंचीच्या चार-पाच पट उडी मारतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, उंदराचं औषध. आपल्याकडं सोयाबीन, ज्वारी, हरभरा घरात येतो, पोत्यांच्या थप्पीमागं औषध टाकलेलं असतंच. आमच्या शेतावर सालगड्यानं कणकेच्या गोळ्यात घालून ठेवलेलं, आम्हाला माहीतच नव्हतं, भिंगरीनं एक गोळा तोंडात धरला आणि धाकट्यानं बघितलं म्हणून वाचली. त्या दिवसापासून आम्ही घरात आणि शेतावर पिंजराच लावतो. दोन प्रकारची औषधं असतात. काळी पूड असते ते झिंक फॉस्फाईड, पोटात गेलं की त्याचा विषारी वायू होतो, काही तासांतच जनावर जाऊ शकतं. हे खाल्लंय अशी शंका आली तर काही खाऊ घालू नका, मिठाचं पाणी पाजून घरी उलटी काढायला बसू नका, सरळ गाडीत घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा कारण उलटीतून येणारा वायू माणसालाही लागतो. दुसरं वड्यांचं असतंय, ब्रोमाडायोलोन, ते फसवं. तीन-चार दिवस कुत्रं चांगलं दिसतं आणि मग आतून रक्त वाहायला लागतं, कारण रक्त गोठायचंच थांबलेलं असतं. त्याच्यावर व्हिटॅमिन के-१ चा उतारा आहे, वेळेत गेलात तर चांगला उपयोग होतो, म्हणून पाकीट फेकू नका, डॉक्टरला दाखवायला सोबत न्या. औषध खाल्लेला उंदीर कुत्र्यानं खाल्ला तरी डॉक्टरला फोन करायचाच.

पायरी ५: पहिले पंधरा दिवस

झोपायची एक जागा ठरवा, शक्यतो पिंजरा किंवा मोठं खोकं, आत जुनी गोधडी. पिंजरा म्हणजे शिक्षा नाही हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधीच समजावून सांगा. दार उघडं ठेवून जेवण आतच द्यायचं, चार दिवसांत ते स्वतःहून आत जाऊन पडतं. टेरिअरला बिळासारखी जागा आवडतेच.

शी-शूचं सोपं आहे पण नेम पाहिजे. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर, प्रत्येक वेळी उचलून त्याच जागी न्या, केलं की तिथल्या तिथं, दोन सेकंदांत, खाऊ आणि शाबासकी. घरात आल्यावर दिलेला खाऊ त्याला कळत नाही कशाचा होता. पिल्लू किती तास रोखू शकतं ह्याचा ढोबळ हिशोब म्हणजे जितके महिने त्यात एक मिळवा, दोन महिन्यांचं पिल्लू फार फार तर तीन तास. घरात झालं तर नाक घासायचं नाही, मारायचं नाही, पुसून टाकायचं. मारलं की ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, मग ते पलंगाखाली जाऊन करतं.

चावणं. चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडून पक्के येतात, तोवर सगळं चावतं. ओरडलात, हात झटकलात तर टेरिअरला अजून जोर येतो कारण त्याच्या लेखी उंदीरही तसाच झटकत असतो. दात लागला की खेळ थांबवायचा, उठायचं, खोलीबाहेर जायचं, अर्ध्या मिनिटानं परत यायचं. न बोलता. घरातल्या प्रत्येकानं असंच केलं तर दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो, पण एकजण हातानं मस्ती करत राहिला तर कधीच नाही. आमच्याकडं दीर तसं करायचे, त्यांना हात जोडून थांबवावं लागलं. चावायला जुना टॉवेल पिळून, ओला करून फ्रीजरमध्ये ठेवून द्या, हिरड्यांना थंड वाटतं. अख्खं गाजरही चालतं.

पायरी ६: रोजचं काम. हाच खरा लेख आहे

नुसतं फिरवून टेरिअर दमत नाही. रोज पाच किलोमीटर पळवाल तर तीन महिन्यांनी पाच किलोमीटर पळूनही न दमणारं कुत्रं तयार होईल, एवढंच. त्याला डोकं आणि नाक वापरायचंय. मी काय करते ते सांगते.

सकाळी उन्हाच्या आधी ३०-४० मिनिटं फिरणं, त्यात निम्मा वेळ त्याला हुंगू द्यायचं. ओढत ओढत नेऊ नका, एका खांबापाशी दोन मिनिटं थांबलं तर थांबू द्या, त्याचा पेपर वाचून होतोय.

सकाळचं जेवण मी कधीच ताटलीत देत नाही. कुरिअरच्या खोक्यात जुने पेपर चुरगाळून टाकते, त्यात तिच्या तयार खाद्याचे दाणे सोडते, ती नाकानं शोधत, फाडत खाते, १५-२० मिनिटं जातात आणि मग दोन तास झोपते. कचरा होतो, झाडावा लागतो, पण सोफा वाचतो.

खड्डा हक्काचा द्या. अंगणाच्या कोपऱ्यात चार बाय तीन फुटांची चौकट विटांची, आत भुसभुशीत माती आणि वाळू. सुरुवातीला तिच्यासमोर खेळणं पुरायचं आणि "उकर" म्हणायचं. दुसरीकडं उकरायला लागली की ओरडायचं नाही, उचलून इथं आणायची. आमच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि ती त्या भेगांत तोंड घालायची, म्हणून मी वाळू मिसळली आणि रोज सांजच्याला एक तांब्या पाणी शिंपडते, माती गार राहते, ती त्यात पोट टेकून पडते. फ्लॅटमध्ये असाल तर मोठ्या टबात जुन्या कपड्यांच्या चिंध्या भरून तेच करा.

संध्याकाळी काठीला सहा फूट दोरी आणि दोरीच्या टोकाला चिंधी, ती जमिनीवरून सरपटत फिरवायची. दहा मिनिटांत जीभ बाहेर येते. पण नियम कडक ठेवा, "थांब" म्हणल्यावर थांबलं तरच चिंधी हलेल आणि धरल्यावर "सोड" म्हणलं की सोडायचं, सोडलं की लगेच परत खेळ. ह्या एका खेळात तिचा शिकारीचा जोर निघतो आणि ऐकायची सवयही लागते. पिल्लू वर्षाचं होईपर्यंत उंच उड्या मारायला लावू नका, सांधे कोवळे असतात.

लेकरांनाही ह्यात घ्या. मोठी लेक अभ्यासातून उठली की भिंगरीचा खाऊ घरात सहा ठिकाणी लपवते आणि "शोध" म्हणते. दोघींचाही मेंदू मोकळा होतो.

पायरी ७: "ये" आणि "सोड"

एकच शब्द ठरवा. आमच्याकडं आत्याबाई "यू यू", हे "कम", लेकरं "भिंगू इकडं", अशी चार हाकांची गडबड होती, सगळ्यांनी "ये" वर यायला महिना लागला. शिकवताना दहा मीटरची दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, बांधा (लांब दोरी गळपट्ट्याला नको, मानेला हिसका बसतो), मोकळ्या मैदानात न्या, "ये" म्हणा, आलं की उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा आणि परत मोकळं सोडा. "ये" म्हणून बोलवायचं आणि आंघोळीला धरायचं किंवा घरी न्यायचं असं केलं की तो शब्द मेला समजा. रागावायला तर कधीच बोलवू नका.

आणि तरीही, रस्त्याजवळ टेरिअर मोकळं सोडायचं नाही. वर्षभर शिकवलेलं खार दिसली की त्या एका क्षणापुरतं पुसलं जातं. भिंगरी मोकळी फक्त बंद कंपाउंडमध्ये.

भुंकण्याचं थोडक्यात सांगते. भंगारवाला, दूधवाला, गच्चीवरची माकडं, सगळ्यांना ती कळवणार. "आलं बरं" म्हणायचं, जाऊन एकदा बघायचं, ती गप्प झाली की खाऊ. आपण वरून ओरडलो की तिला वाटतं आपणही सोबत भुंकतोय. दिवसभर गेटवर किंवा गच्चीवर सोडलेलं टेरिअर मात्र कुणाच्यानं गप्प होणार नाही, शेजारी नीटची लेकरं अभ्यास करत असतात ह्याचं भान ठेवून दुपारी पडदा ओढून आत ठेवा.

पायरी ८: ऊन

मार्च संपला की वेळापत्रक बदला. ४२-४३ अंशांत सकाळी साडेसातनंतर आणि संध्याकाळी सातच्या आधी बाहेर नाही. रस्त्यावर हाताची पालथी बाजू ठेवून बघा, सात सेकंद ठेवता येत नसेल तर तिचे पंजे भाजणार. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापेनंच ते अंग थंड करतं, आणि टेरिअरची अडचण ही की खेळात रंगलं की ते स्वतः थांबतच नाही. आपणच थांबवायचं.

धाप थांबेना, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक, चाल लडबडली, उलटी झाली तर ऊन लागलंय. सावलीत घ्या, साधं पाणी अंगावर, पोटाला, मांड्यांना ओता, पंखा लावा आणि डॉक्टरकडं निघा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता अडवतो. बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा नाही. घरात कूलर असेल तर आपल्या कोरड्या हवेत तो छान चालतो, जमिनीलगत वारा येईल असा ठेवा.

पाण्याचं म्हणाल तर ह्या कुत्र्याचं एक बरं आहे. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्या गावानं बघितलं तिथं कुत्र्याला आठवड्याला आंघोळ घालणं मनाला पटत नाही, आणि गरजही नाही. महिन्यातून एकदा, कुत्र्याच्या शाम्पूनं, अर्धी बादली पुरते. एरवी ओल्या फडक्यानं पुसायचं आणि रबरी ब्रशनं रोज पाच मिनिटं केस काढायचे. गुळगुळीत केसांचं जॅक रसेल लई केस गाळतं, छोटे टोकदार केस चादरीत रुततात, हे आधी माहीत असू द्या.

पायरी ९: खाणं

भाकरी-दूध कालवून देणं हीच आपल्याकडची रीत, पण एवढ्या हालचालीच्या कुत्र्याला त्यात प्रोटीन कमी पडतं. चांगलं तयार खाद्य द्या, नाहीतर उकडलेलं चिकन, अंडं, थोडं काळीज, सोबत भात किंवा ज्वारीची भाकरी, भोपळा, गाजर, आणि हे प्रमाण एकदा डॉक्टरला दाखवून घ्या. दिवसातून दोनदा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत पण डोळ्याला दिसू नयेत, एवढं वजन बरोबर.

कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके, चॉकलेट, चहा आणि शुगरफ्री गोष्टी नाहीत म्हणजे नाहीत. म्हणजे आपला रस्सा, झुणका, ठेचा सगळंच बंद. मटणाची शिजवलेली हाडं फुटून आतड्यात टोचतात, तीही नकोत. आत्याबाईंना ताटातला घास द्यायची सवय, त्यांना नाही म्हणणं जड जातं, म्हणून मी त्यांच्या बाजेजवळ एक डबी ठेवलीय, त्यात भिंगरीच्या दिवसाच्या वाट्यातलेच दाणे असतात, त्या तेच देतात आणि दोघी खूश.

पायरी १०: लेकरं, म्हातारी माणसं, बाकीची जनावरं

खाताना आणि झोपताना कुत्र्याला हात लावायचा नाही, हा घरातल्या आणि पाहुण्यांच्या लेकरांसाठी पहिला नियम. तोंडात काही धरलेलं असेल तर हिसकावायचं नाही, चांगलं काहीतरी देऊन बदली करायची. गुरगुरलं तर गुरगुरण्याबद्दल मारू नका. ते "मला नको" असं सांगतंय, मारून सांगणं बंद केलं तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. चावलंच, दात लागून रक्त आलं, तर घरचं आणि लस दिलेलं असलं तरी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात दाखवा.

आत्याबाईंचं देवघर आणि सोवळं आम्ही पाळतो, तिथं लाकडी दाराची आड केलीय. कुत्र्यालाही एक हद्द असलेली बरी असते आणि घरातल्या मोठ्या माणसाचा मान राहतो.

शेळ्या, कोंबड्या ह्यांच्याबाबतीत विश्वास ठेवू नका. उस्मानाबादी शेळीचं करडू उड्या मारत पळालं की टेरिअरचं रक्त उसळतं, आणि गायीच्या पायाशी जाऊन भुंकलं तर एका लाथेत बरगडी जाते. पिल्लू असतानाच, लांबून, दोरीवर ठेवून, शांत राहिलं की खाऊ देत देत ओळख करा. गल्लीतल्या कुत्र्यांसमोर ते स्वतःला त्यांच्याएवढंच समजतं. हातात काठी ठेवा, जमिनीवर आपटायला, आणि दोन कुत्र्यांच्या मधे आपण उभं राहून वळण घेऊन निघा.

पायरी ११: दवाखाना

सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून पार्वो-डिस्टेंपर ह्या जीवघेण्या आजारांची लस, दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत, रेबीजची तीन महिन्यांचं झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. लसी पूर्ण होईपर्यंत गल्लीत जमिनीवर सोडू नका, कडेवर घेऊन मात्र जरूर फिरवा, गाड्या, बँड, माणसं सगळं दाखवा. जंताचं औषध लहानपणी वरचेवर, मोठेपणी तीन महिन्यांनी.

गोचीड हा आपल्याकडचा मोठा शत्रू. रोज रात्री कानाच्या आत, बोटांच्या मधे, गळपट्ट्याखाली चाचपा. कुत्रं सुस्त झालं, खाईना, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर गोचीड ताप समजून त्याच दिवशी रक्त तपासा. आणि हात जोडून सांगते, गुरांच्या गोचिडावरचं औषध कुत्र्याला लावू नका. बैलाच्या हिशोबाचं औषध पाच किलोच्या जनावराला लावून लोकांनी कुत्री घालवलीत.

दिवाळीनंतर गवत वाळलं की कुसळं. ती पंजात, कानात शिरतात आणि आत आतच सरकतात. कुत्रं एकाएकी डोकं झटकायला लागलं किंवा एकच पंजा चाटत बसलं तर बघा. मधल्या वयात डोळा अचानक लाल, दुखरा, धुरकट झाला तर थांबू नका, टेरिअरमध्ये डोळ्यातलं भिंग सरकायचा आनुवंशिक आजार आहे, एका दिवसात डोळा जाऊ शकतो.

साप. घोणस, नाग, मण्यार, फुरसं, चारही आपल्याकडं आहेत आणि टेरिअर सापापासून मागं हटत नाही. पावसाळ्यात अंधार पडल्यावर गवतात नाही. चावलंच तर चिरा देणं, बांधणं, मंत्र, काही करू नका, कुत्र्याला चालू देऊ नका, उचलून न्या, निघताना फोन करून प्रतिविष आहे का विचारा. ह्या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं. मोठ्या कामासाठी उदगीर आणि परभणीला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं कुत्र्यांवरही उपचार होतात. जवळच्या डॉक्टरचा नंबर घरात सगळ्यांच्या मोबाइलमध्ये पाहिजे, तुमच्या एकटीच्या नाही.

पायरी १२: सणवार आणि शेतावर नेणं

दिवाळीत फटाक्यांच्या वेळी आतली खोली, कूलर किंवा टीव्ही चालू, खायला चघळायचं काही. संध्याकाळचं फिरणं पाचलाच उरकून घ्या आणि हार्नेससोबत गळपट्टाही घाला ज्यावर तुमचा मोबाइल नंबर आहे, कारण ह्याच दिवसांत कुत्री पळून हरवतात.

वेळ अमावस्येला सगळं घर शेतात जातं, भिंगरीही येते. पण गाडीतून उतरायच्या आधी दहा मीटरची दोरी बांधलेली असते. एक, विहिरीला कठडा नाही, आणि उंदरामागं पळणारं टेरिअर विहीर बघत नाही. दोन, उभ्या ज्वारीत शिरलं की हाक ऐकू जाते पण ते दिसत नाही. तीन, शेजारच्या वावरात काय औषध टाकलंय आपल्याला माहीत नसतं. आंबील, भज्जी तिला नाही, त्यात लसूण असतो, तिचं उकडलेलं अंडं मी डब्यात नेते. जेवणं झाली की ह्यांच्या हातात दोरी देऊन तिला कडब्याच्या गंजीजवळ नेतो, "शोध" म्हणतो, आणि ती तासभर गंजीच्या भोवती नाक लावून फिरते, शेपटी ताठ, एक कान वर, कुणाकडं ढुंकून बघत नाही. घरी आल्यावर आत्याबाई तिला बाजेखाली घेऊन बसतात, मी बॅटरी लावून पंजे आणि कान तपासते, पाय ओल्या फडक्यानं पुसते, आणि पुसता पुसताच ती झोपलेली असते.